जुने हटके कॅट जमवायचेत? मग आधी जोकर शोधा

पत्त्यांचा नवा कॅट घरात आला की आपण काय करतो, वरचं प्लॅस्टिक फाडतो, जाहिरातीचा पत्ता फेकतो, जोकर बाजूला काढतो, मग बदाम तिर्री हरवली की त्याच जोकरवर पेनानं "बदाम ३" लिहून भागवतो, आणि खोकं फाटलं की कॅटला रबरबँड लावून टाकतो. जुने कॅट जमवायला लागलात की हे सगळं उलटं होतं. खेळणाऱ्यानं जे जे फेकलं तेच आपल्याला हवं असतं. खोकं, जोकर, जाहिरातीचा जास्तीचा पत्ता, खोक्यावरचा कराचा स्टँप, आतली नियमांची चिठ्ठी. बावन्न पत्ते काय, ते सगळ्यांकडेच उरतात.

मी गेली काही वर्षं हे करतोय आणि सुरुवातीला भरपूर पैसे घालवलेत, म्हणून नवीन लोकांसाठी जरा सविस्तर लिहितोय.

आधी ठरवा नक्की काय जमवायचं

नॉव्हेल्टी कॅट म्हणजे नेहमीचा लाल-निळ्या पाठीचा नसलेला, काहीतरी गंमत असलेला कॅट. ही गंमत कुठेही असू शकते. आकारात असेल, म्हणजे गोल पत्ते, वाकड्या कडांचे, काडेपेटीएवढे किंवा वहीएवढे. पाठीवर असेल, म्हणजे विमान कंपनी, दारू, टायर, सिमेंट, औषधं, कशाचीही जाहिरात. किंवा मग पुढच्या बाजूला असेल, बावन्न पत्त्यांवर बावन्न वेगळी चित्रं, आणि हा प्रकार मला सगळ्यात भारी वाटतो.

उदाहरण सांगतो. १९०० च्या आसपास अमेरिकेत रेल्वे कंपन्या प्रवाशांसाठी सूव्हेनिअर कॅट काढायच्या, प्रत्येक पत्त्यावर त्या लाइनवरच्या दरीचा, पुलाचा, स्टेशनाचा फोटो, कोपऱ्यात बारीक आकडा आणि चिन्ह. ट्रान्सफॉर्मेशन कॅट म्हणून एक प्रकार आहे त्यात तर बदाम, किलवर ही चिन्हंच चित्रात मिसळून टाकलेली असतात, म्हणजे बदामाचं तोंड होतं, इस्पिकची टोपी होते, आणि तरी चिन्हाची जागा आणि संख्या बरोबर राहते. असा पहिला पूर्ण छापील कॅट १८०५ चा, जर्मनीत ट्युबिंगेनच्या कोटा या प्रकाशकाचा. अमेरिकेचा १८९५ चा व्हॅनिटी फेअर नावाचा कॅटही प्रसिद्ध आहे. हे दोन्ही आपल्या खिशाबाहेर, पण नेटवर फोटो बघा, डोळा तयार होतो.

मी सुरुवातीला दिसेल ते उचलत होतो आणि वर्षभरात चाळीसेक कॅट झाले, त्यात दाखवावा असा एकही नव्हता. त्यामुळे एक गल्ली पकडा. काही लोक फक्त जोकर जमवतात, एका अल्बममधे शेकडो जोकर मावतात आणि अपुऱ्या कॅटमधला सुटा जोकर स्वस्तात मिळतो. ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमधे सुट्या पत्त्यांच्या नुसत्या पाठी जमवायचा छंद जुना आहे, मुली शाळेत त्यांची अदलाबदल करायच्या. बजेट अगदीच कमी असेल तर हेही वाईट नाही.

नवशिक्यांनी विमानापासून सुरुवात करावी

असं माझं मत आहे, कुणाला पटणार नाही. पण विमान कंपन्या एकेकाळी प्रवाशांना पत्ते फुकट वाटायच्या, ते लोकांनी घरी आणले, कपाटात टाकले आणि विसरले. म्हणून ते अजून मिळतात, बऱ्या अवस्थेत मिळतात, आणि मुख्य म्हणजे त्यांचा काळ ओळखणं सोपं असतं कारण कंपनी कधी बंद झाली हे माहिती असतं. बीओएसी ही ब्रिटिश विमान कंपनी १९७४ मधे ब्रिटिश एअरवेजमधे विलीन झाली म्हणजे बीओएसीचं नाव असलेला कॅट त्यानंतरचा असायचं कारण नाही. पॅन ॲम १९९१ ला बंद पडली, ब्रॅनिफ १९८२ ला जमिनीवर आली. लोगो कधी बदलला ते बघितलं की काळ अजून आवळता येतो.

आपल्याकडे अर्थातच एअर इंडिया. त्यांचा तो पगडीवाला महाराजा १९४६ मधे कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी आणला आणि पुढे तो मेनूपासून पोस्टरपर्यंत सगळीकडे आला, पत्त्यांवरही. महाराजा असलेला कॅट दिसला की विकणाऱ्याच्या डोळ्यात लगेच चमक येते आणि भाव दुप्पट होतो, तर तिथे घाई नको. महाराजा बघून हुरळून जाऊ नका, आधी पत्ते मोजा.

शोधायचं कुठे

पहिलं घर. खरंच. आजोबांच्या कपाटाचा वरचा कप्पा, ब्रिज खेळणारे काका, क्लबात जाणारी मावशी, एमआर असलेला मामा, कारण औषध कंपन्यांनी दिवाळीला डॉक्टरांना वाटलेले कॅट असल्याच घरांमधे पडून असतात. मला मिळालेला सगळ्यात चांगला जाहिरातीचा कॅट शिवणाच्या डब्यात सापडला, बटणांखाली.

नंतर पुण्याचा जुना बाजार, बुधवार आणि रविवार. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जो बाजार भरतो त्यात भंगाराच्या ढिगात कधीकधी काहीतरी निघतं. पत्ते असं विचारलंत तर कुणी देणार नाही कारण त्यांच्या लेखी ते सामानच नाही. जुनी काडेपेटी, पोस्टकार्ड, पेनं विकणाऱ्याला विचारा, त्याच्या डब्याच्या तळाशी असतात.

तिसरं म्हणजे परदेशातले नातेवाईक. भाऊ-वहिनी न्यू जर्सीत असतील, मैत्रीण लंडनला असेल तर त्यांना गराज सेल आणि चॅरिटी शॉपमधे बघायला सांगा. एक कॅट साधारण शंभर ग्रॅमचा, बॅगेत चार-पाच टाकले तरी अर्धा किलो. पोस्टानं मागवलेत तर पोस्टेज कॅटपेक्षा महाग पडतं आणि वर कस्टम लागलं तर विचारूच नका. फक्त वहिनीला बजावून सांगा की खोकं "फाटलंय म्हणून" फेकायचं नाही. माझ्या बाबतीत एकदा हे झालंय आणि मला तोंड कडू करून थँक्यू म्हणावं लागलं.

मोजणं, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम

बावन्न भरले म्हणजे झालं असं नाही. मी एकदा रस्त्यावर उभ्या उभ्या मोजले, बावन्न भरले, पैसे दिले, घरी येऊन लावले तर किलवर नव्वी दोन आणि चौकट सत्ती गायब. कुणीतरी दोन सारख्या पाठीचे कॅट एकत्र करून एक पुरा बनवला होता. त्यामुळे चार ढीग करायचे, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, प्रत्येकात एक्क्यापासून राजापर्यंत तेरा लावून बघायचे. विकणारा वैतागतो, वैतागू दे. मग सगळे उलटे करून पाठी बघायच्या, एखादीचा रंग जरा फिका किंवा किनार वेगळी असेल तर तो पत्ता बाहेरचा.

मग जोकर. जुन्या अमेरिकन कॅटमधे बऱ्याचदा एकच जोकर असतो आणि सोबत एक कोरा किंवा जाहिरातीचा पत्ता, त्यामुळे एक जोकर दिसला म्हणून लगेच अपुरा म्हणू नका. आणि त्याआधीच्या कॅटमधे जोकरच नाही. जोकर हा मुळात १८६० च्या दशकात अमेरिकेत युकर नावाच्या खेळासाठी सगळ्यात वरचा हुकूम म्हणून आला, आपण त्याला रमीत राबवतो ती नंतरची गोष्ट.

अजून एक मोठी चूक नवीन लोक करतात ती म्हणजे कमी पत्ते म्हणजे अपुरा कॅट असं समजून चांगला माल सोडतात. स्काट या जर्मन खेळाचा कॅट बत्तीसचाच असतो. यास या स्विस खेळाचा छत्तीसचा. स्पॅनिश कॅट चाळीस किंवा अठ्ठेचाळीसचा, आणि त्यात बदाम-चौकट नसून पेले, नाणी, तलवारी आणि सोटे असतात. पिनॉकल नावाच्या खेळात अठ्ठेचाळीस पत्ते, नव्वी ते एक्का, पण प्रत्येक पत्ता दोनदा, म्हणजे माझ्या त्या दोन किलवर नव्व्या पिनॉकलच्या असत्या तर मी शहाणा ठरलो असतो. उलट फाइव्ह हंड्रेड नावाच्या खेळाच्या कॅटमधे अकरा, बारा असे आकडे असतात, तो बघून कुणीतरी छापताना घोळ घातला असं वाटतं.

वय कसं ओळखायचं

इथे मजा आहे. कुठल्याही एका खुणेवर विश्वास नाही ठेवायचा, तीन-चार खुणा जुळल्या पाहिजेत.

कोपऱ्यात आकडा आणि चिन्ह आहे का? नसेल, आणि राजा-राणी-गुलाम दोन तोंडांचे नसून पूर्ण उभे असतील तर प्रकरण बरंच जुनं आहे, कारण इंग्लिश-अमेरिकन पत्त्यांवर दोन तोंडं साधारण १८६० च्या आसपास रुळली आणि कोपऱ्यातले आकडे १८७० च्या दशकानंतर. अर्थात जुन्याची नक्कल म्हणून आजही असे पत्ते छापतात, तेव्हा नुसतं एवढ्यावर उडी मारू नका.

मग इस्पिकचा एक्का. तो सगळ्यात नक्षीदार का असतो याचं कारण कर आहे. इंग्लंडमधे पत्त्यांवर कर होता आणि कर भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर यायची, हा एक्का खाजगीत छापणं म्हणजे सरकारी कागदाची बनावट, आणि १८०५ मधे लंडनमधे एकाला त्यासाठी चक्क फाशी दिलं. १८२८ ते १८६२ मधला तो गिचमिड नक्षीचा एक्का, त्याला लोक ओल्ड फ्रिझल म्हणतात. १८६२ नंतर कर तीन पेनी झाला आणि खूण वेष्टनावर गेली, पण कारखानदारांनी सवयीनं एक्का नक्षीदारच ठेवला. तो कर १९६० मधे गेला.

अमेरिकेत १८९४ पासून १९६५ पर्यंत खोक्याच्या झाकणावर कराचा छोटा स्टँप चिकटवायचे, सुरुवातीला दोन सेंटचा. हा स्टँप फाटल्याशिवाय खोकं उघडतच नाही, त्यामुळे अर्धा स्टँप जरी शिल्लक असला तरी जपून ठेवा, तो खरवडून खोकं "स्वच्छ" करणारे लोक मी बघितलेत. स्टँप आहे म्हणजे कॅट १९६५ च्या आधीचा, पण नाही म्हणजे नंतरचा असं नाही, तो गळून गेलेला असू शकतो. बायसिकल ब्रँडचे पत्ते काढणाऱ्या युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीच्या कॅटवर इस्पिकच्या एक्क्यावर एक अक्षर आणि चार आकडे बारीक छापलेले असतात, त्यातल्या अक्षरावरून वर्ष निघतं, याचे तक्ते नेटवर मिळतात. पण अक्षरं काही वर्षांनी फिरून परत येतात, म्हणून एकाच अक्षराची दोन-तीन वर्षं निघतात आणि खोक्याची छपाई, स्टँप बघून त्यातलं एक निवडायचं.

भारतीय जाहिरातीच्या कॅटला असले तक्ते वगैरे नाहीत, तिथे पत्ता बघायचा, म्हणजे कंपनीचा पत्ता. "बॉम्बे १" असं लिहिलंय की सहा आकडी पिनकोड? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. बॉम्बेचं अधिकृत मुंबई १९९५ ला झालं, मात्र कंपन्या छपाईचा जुना ब्लॉक बरीच वर्षं वापरतात हे लक्षात ठेवा. अमेरिकन कॅटवर पाच आकडी झिपकोड असेल तर १९६३ किंवा नंतरचा. पश्चिम जर्मनीत बनवल्याचं लिहिलं असेल तर १९४९ ते १९९०. खोक्यावर बारकोड असेल तर तो "आजोबांच्या काळातला" नाही, विकणारा कितीही शपथा घेऊ दे.

एक जपानी किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. निन्टेंडो म्हणजे व्हिडिओ गेमवाली कंपनी, ती १८८९ ला क्योतोमधे हानाफुडा, म्हणजे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते, बनवायला सुरू झाली. १९५३ मधे त्यांनी प्लॅस्टिकचे पत्ते काढले आणि १९५९ मधे डिस्नीची चित्रं घेऊन मुलांसाठी कॅट काढले, ते तुफान खपले. डिस्नी जमवणारे, निन्टेंडो जमवणारे आणि पत्ते जमवणारे अशा तिघांची एकाच कॅटवर नजर, त्यामुळे तो स्वस्तात मिळायची आशा सोडा.

अवस्था बघणं

आधी वास घ्या. हसू नका, कुबट वास असलेला कॅट घरी आणलात तर तो बाकीच्यांनाही बिघडवतो. मग कॅट टेबलावर ठेवून बाजूनं बघा, सरळ बसतोय की केळ्यासारखा वाकलाय. मग कडा बघा, सगळे एकत्र धरून. आपल्याकडे पाच-तीन-दोन खूप खेळलेल्या कॅटला एक मजेशीर खूण असते, त्या खेळात तीसच पत्ते लागतात, अठ्ठी ते एक्का आणि दोन सत्त्या, त्यामुळे वरचे पत्ते मळून काळपट झालेले आणि दुर्री ते छक्की करकरीत कोऱ्या! असा कॅट जोडलेला नसतो, एकच असतो, फक्त खेळलेला असतो. तसंच गुलामचोर खेळलेल्या घरातला असेल तर आधी गुलाम चारही आहेत का बघा, बाजूला काढून ठेवलेले गुलाम परत येतातच असं नाही.

सोनेरी कडांचे कॅट असतात त्यात सोनं कुठे कुठे उडालंय ते बघा. कोपरा दुमडून उठलेली रेघ कधीच जात नाही, इस्त्री वगैरे प्रयोग करू नका, मी केलाय, वरचं कोटिंग पांढरं पडलं.

पॅकबंद कॅट मिळाला तर उघडायचा का, यावर लोक भांडतात. उघडला की किंमत उतरते, नाही उघडला तर आत काय आहे ते कधी कळणार नाही. साधा असेल तर मी उघडत नाही, बावन्न चित्रांचा असेल तर उघडतो. बघायला नाही मिळालं तर आणायचा कशाला.

रीप्रिंटचा फास

ज्या कॅटला गोष्ट असते त्याच्या नकला असतात, हे पाठ करून टाका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विमानांच्या काळ्या सावल्या छापलेले कॅट निघाले, खेळता खेळता शत्रूचं विमान ओळखायला शिकायचं, ते नंतर परत छापले गेलेत. युद्धकैद्यांना पाठवलेले बायसिकलचे नकाशाचे पत्ते, म्हणजे पत्ता पाण्यात भिजवला की थर सुटतात आणि आत पळून जायचा नकाशा, त्याचे मूळ कॅट म्युझियममधे बघायचे. बाजारात जे मिळतं ते आठवण म्हणून काढलेलं नवीन. २००३ चा इराकचा कॅट, म्हणजे अमेरिकन सैनिकांना पकडायचे इराकी नेते ओळखता यावेत म्हणून काढलेला, सद्दाम इस्पिकचा एक्का असलेला, तो कुणी दुर्मिळ म्हणून विकायला लागला तर नमस्कार करून पुढे जा, त्याच्या इतक्या कंपन्यांनी प्रती काढल्यात. आणि पन्नाशीच्या दशकातले बायकांच्या चित्रांचे पिन-अप कॅट, त्यातही नवीन छपाई ढिगानं आहे (घरी कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा).

ओळखायचं कसं, तर भिंग घ्या. जुन्या फोटोवरून केलेल्या नकलेत बारीक अक्षरं बुजतात, रेघा ठिपक्यांच्या होतात. कागद अति पांढरा असतो. आणि जुना कॅट पण खोकं कोरं करकरीत, हे तर सरळच संशयास्पद.

किंमत ठरवताना लोकांनी मागितलेला भाव बघू नका, खरंच विकला गेला तो भाव बघा. मागायला काय, कुणीही काहीही मागतो.

गंजिफाचं काय

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो म्हणून थोडक्यात. गंजिफा नॉव्हेल्टी नाही, तो आपल्याकडचा मूळ पत्त्यांचाच खेळ आहे, बाबरानं १५२७ मधे सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. गोल पत्ते, मुघल प्रकारात आठ रंगांचे शहाण्णव, दशावतारी प्रकारात दहा अवतारांचे एकशेवीस, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. सावंतवाडीच्या राजघराण्यानं ही मरत चाललेली कला १९७० च्या दशकात परत उभी केली आणि राजवाड्यात आजही हातानं रंगवताना बघता येतं. कोकणात गेलात तर एक नवा सेट तिथूनच घ्या, कलाकाराला पैसे मिळतात. "दोनशे वर्षं जुना" म्हणून बाजारात कुणी दाखवला तर नवशिक्यानं हात लावू नये, लाखेचा थर मुद्दाम धुरकट करणं फार अवघड नाही.

घरी आणल्यावर

रबरबँड आधी काढून फेका. तो उन्हाळ्यात वितळतो आणि वरच्या-खालच्या पत्त्यावर तपकिरी पट्टा कायमचा. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, ओल्या फडक्यानं पुसणं नाही. कोरडं मऊ कापड, बास. जुन्या कॅटना बऱ्याचदा टाल्कम लावलेलं असतं सरकायला, तेवढं झटकून टाका.

आपला खरा शत्रू पावसाळा. पत्ता म्हणजे दोन कागद चिकटवून केलेला, दमट हवेत एक बाजू जास्त ओढली की वाकतो, मग बुरशी, मग कसर. मी प्रत्येक कॅट खोक्यासकट झिपच्या पॉलिप्रॉपिलीन पिशवीत घालतो, त्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पीव्हीसीचे जुने चिकट अल्बम वापरू नका, छपाई प्लॅस्टिकला चिकटून येते. डांबरगोळ्याही नकोत, तो वास दहा वर्षं जात नाही. दिवाळीच्या आधी एकदा सगळं उघडून वारं द्यायचं, पण उन्हात नाही, लाल रंग सगळ्यात आधी उडतो.

आणि नोंद ठेवा, वहीत ठेवा नाहीतर एक्सेलमधे, पण पहिल्या कॅटपासून ठेवा. चार फोटो, इस्पिकचा एक्का, जोकर, पाठ, खोकं. कुठून घेतला, कितीला, कुठला पत्ता कमी. अपुरा कॅट टाकायचा नाही, कारण तीन वर्षांनी तोच कॅट दुसरीकडे अपुरा सापडतो आणि त्यात नेमकी आपली चौकट सत्ती असते. माझी अजून सापडलेली नाही.

शेवटचं, बाहेरच्या खोलीत शंभर रुपयांचा एक साधा कॅट कायम ठेवा. नाहीतर गणपतीत मावसभाऊ जमले की जागरणाला पत्ते कुठायत म्हणून शोधाशोध होते, कुणीतरी तो डबा काढतं, आणि तुम्ही आरतीची भांडी घासून बाहेर येईपर्यंत पॅन ॲमच्या कॅटवर मेंढीकोटचे दोन डाव झालेले असतात, शेजारी चिवड्याची प्लेट.